दोन फ्रँकफर्ट: माइनकाठचे आणि ओडरकाठचे

जर्मनीत फ्रँकफर्ट नावाची दोन शहरे आहेत. मुंबईहून ज्याला थेट विमान जाते, जिथे युरोपीय मध्यवर्ती बँक आहे आणि दरवर्षी पुस्तकांचा जगप्रसिद्ध मेळा भरतो, ते फ्रँकफर्ट हेसन राज्यात माइन नदीवर आहे. दुसरे तिथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर, बर्लिनच्या पूर्वेला ऐंशीएक किलोमीटरवर, ओडर नदीच्या पश्चिम काठावर पोलंडच्या सीमेला लागून वसले आहे. पहिल्याची लोकसंख्या साडेसात लाखांहून अधिक आहे, तर दुसऱ्याची साठ हजारांहूनही कमी. त्यामुळे नुसते ‘फ्रँकफर्ट’ म्हटले की माइनकाठचे शहर समजले जाते आणि प्रवासापुरते ते बहुधा बरोबरही असते. इतिहास वाचताना मात्र ही सवय दिशाभूल करते, कारण सोळाव्या ते अठराव्या शतकांत ही दोन्ही शहरे नावाजलेली होती, दोन्हीकडे व्यापारी जत्रा भरत, दोन्हीकडे ग्रंथ छापले जात आणि विद्यापीठ तर केवळ ओडरकाठच्या शहरात होते.

घोटाळा किती सहज होऊ शकतो हे १६३१ या एका वर्षावरून कळते. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ याने त्या वर्षी दोन्ही फ्रँकफर्टमध्ये प्रवेश केला. एप्रिलमध्ये त्याच्या सैन्याने ओडरवरचे शहर हल्ला करून जिंकले, पवित्र रोमन सम्राटाच्या (जर्मन राज्यांच्या नाममात्र सर्वोच्च सत्ताधीशाच्या) शिबंदीची कत्तल केली आणि नागरिक स्वधर्मीय प्रोटेस्टंट असूनही शहर लुटले. नोव्हेंबरमध्ये तोच राजा माइनवरच्या फ्रँकफर्टमध्ये शिरला तो वाटाघाटी करून, लढाईशिवाय. राजा तोच, वर्ष तेच आणि शहराचे नावही तेच, पण एका ठिकाणी प्रेतांचे ढीग पडले आणि दुसऱ्या ठिकाणी वेशीचे दरवाजे उघडले गेले. हा फरक निव्वळ योगायोगाचा नव्हता. माइनकाठच्या शहराचा कारभार त्याच्या स्वतःच्या नगरपरिषदेच्या हाती होता आणि कोणाशी काय बोलणी करायची हे ती ठरवू शकत होती. ओडरकाठच्या शहरात सम्राटाची फौज येऊन बसली होती आणि तिथल्या नगरवासीयांना त्यात काहीही बोलण्याची सोय नव्हती. माझ्या मते या दोन शहरांचा इतिहास वेगळा ठेवण्याची खरी किल्ली इथेच आहे: एक शहर दीर्घकाळ स्वतःचे निर्णय स्वतः घेत आले, तर दुसऱ्याचे निर्णय बहुतेक वेळा बाहेर कुठेतरी झाले.

माइनकाठच्या फ्रँकफर्टचा पहिला लेखी उल्लेख इ. स. ७९४ चा आहे. त्या वर्षी फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने तिथे चर्चची मोठी परिषद भरवली होती. १३५६ मध्ये सम्राट चौथा कार्ल याने काढलेल्या ‘सुवर्णमुद्रांकित’ फर्मानाने जर्मन राजाची, म्हणजे भावी सम्राटाची, निवड याच शहरात व्हावी असे ठरले, आणि १५६२ पासून १७९२ पर्यंत बहुतेक सम्राटांचा राज्याभिषेकही तिथल्या सेंट बार्थोलोम्यूच्या चर्चमध्ये झाला. जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना १२४० मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याने संरक्षण दिले होते, १३३० मध्ये वसंत ऋतूतील दुसऱ्या जत्रेलाही परवानगी मिळाली. पुढे १३७२ मध्ये शहराने सम्राटाच्या स्थानिक अधिकाऱ्याचे पद चक्क पैसे मोजून विकत घेतले. तेव्हापासून सम्राट सोडला तर या शहरावर कोणी धनी उरला नाही. जत्रांत निरनिराळ्या राज्यांची नाणी येत; त्यांचे विनिमय दर १५८५ मध्ये व्यापाऱ्यांनी एकत्र बसून ठरवले आणि तिथला शेअर बाजार आपली सुरुवात त्या वर्षापासून मोजतो. आजच्या बँकांच्या उंच इमारतींमागे हा इतका जुना धागा आहे.

ओडरकाठचे शहर वयाने साडेचार शतकांनी लहान. ब्रांडेनबुर्ग या संस्थानाचा मार्गग्रेव्ह (सीमाप्रांताचा अधिपती) पहिला योहान याने १२ जुलै १२५३ रोजी त्याला नगराची सनद दिली. नदी ओलांडण्याच्या सोयीच्या जागी, पोलंडकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर, एका सत्ताधीशाने आखून वसवलेले हे शहर होते. त्याचीही भरभराट झाली, काही काळ ते हान्सा या व्यापारी संघात होते आणि वर्षाकाठी तीन जत्रा तिथे भरत. या जत्रांना पोलंडमधून ज्यू व्यापारी मोठ्या संख्येने येत आणि त्यांच्यामुळे हिब्रू ग्रंथांना तिथे गिऱ्हाईक मिळे. १६९७ ते १६९९ या काळात संपूर्ण तालमूद (ज्यूंचा धर्मशास्त्रीय ग्रंथ) याच शहरात छापला गेला. माइनकाठी १४६२ पासून ज्यूंना एका बंदिस्त गल्लीत राहण्याची सक्ती होती, त्याच गल्लीत १७४४ मध्ये रोथशिल्ड पेढीचा संस्थापक मायर आम्शेल जन्मला. आणि पुढे त्या शहरातही तालमूद छापला गेला. त्यामुळे ‘फ्रँकफर्टची जत्रा’ किंवा ‘फ्रँकफर्टचा छापखाना’ असा नुसता उल्लेख आला, तर नदी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या लॅटिन ग्रंथांच्या मुखपृष्ठावर ती दिलेली असते: माइनकाठच्या पुस्तकांवर ‘आद मोएनुम’ आणि ओडरकाठच्या पुस्तकांवर ‘आद वियाद्रुम’.

विद्यापीठाच्या बाबतीत वाचकाचा अंदाज हमखास उलटा पडतो. ब्रांडेनबुर्गच्या सत्ताधीशाने १५०६ मध्ये स्थापन केलेले वियाद्रिना विद्यापीठ ओडरकाठचे होते. प्रोटेस्टंट धर्मसुधारक ल्यूथरने ज्याच्या पापमुक्तिपत्रांच्या विक्रीवर हल्ला चढवला, त्या योहान टेट्झेलने जानेवारी १५१८ मध्ये ल्यूथरविरोधी प्रबंध मांडले ते इथेच. शेतकऱ्यांच्या उठावाचा पुढारी थॉमस म्युन्ट्झर इथे शिकला; पुढे संगीतकार कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख आणि हुम्बोल्ट हे विद्वान बंधूही शिकायला आले. माइनकाठी १७४९ मध्ये जन्मलेल्या महाकवी गटेला मात्र शिक्षणासाठी लाइपझिग आणि स्ट्रासबुर्ग गाठावे लागले, कारण त्याच्या श्रीमंत गावात विद्यापीठच नव्हते. ते १९१४ मध्ये आले, तेही नागरिकांच्या देणग्यांतून, ज्यांत ज्यू कुटुंबांचा वाटा मोठा होता. उलट ओडरकाठी १७७७ मध्ये जन्मलेला नाटककार हाइनरिश फॉन क्लाइस्ट १७९९ मध्ये आपल्याच गावच्या विद्यापीठात दाखल झाला. पण १८१० मध्ये प्रशियाने (ब्रांडेनबुर्ग तोवर याच राज्याचा भाग होते) बर्लिनला नवे विद्यापीठ काढले आणि लगेच १८११ मध्ये वियाद्रिना ब्रेस्लाउला (आज पोलंडमधील व्रोत्सवाफ) हलवले. तीनशे वर्षांची संस्था एका सरकारी निर्णयाने गेली, याची हळहळ आजही वाटते.

एकोणिसाव्या शतकात माइनकाठचे शहर जर्मन राजकारणाच्या मध्यभागी आले. १८१५ नंतर ते स्वतंत्र नगरराज्य झाले आणि जर्मन संघराज्याची सभा तिथे भरू लागली. १८ मे १८४८ रोजी तिथल्या सेंट पॉल चर्चमध्ये पहिली निवडून आलेली जर्मन राष्ट्रीय सभा बसली. पण प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यातल्या १८६६ च्या युद्धात शहराचा कल ऑस्ट्रियाकडे राहिला, तेव्हा विजयी प्रशियाने ते खालसा केले, जबर खंडणी मागितली आणि त्या दडपणाखाली नगराध्यक्ष फेल्नर यांनी आत्महत्या केली. त्या वर्षापासून दोन्ही फ्रँकफर्ट एकाच प्रशियन राजाच्या अमलाखाली आली. १८७१ मध्ये युद्ध संपवणारा फ्रान्सबरोबरचा तह झाला तो अर्थात माइनकाठी.

मार्च १९४४ मधील ब्रिटिश बॉम्बहल्ल्यांत माइनकाठचे मध्ययुगीन जुने गाव नष्ट झाले. ओडरकाठचे शहर जवळजवळ अखेरपर्यंत उभे होते. मग नाझी राजवटीने त्याला ‘किल्ला’ जाहीर केले आणि एप्रिल १९४५ मध्ये त्याचा मध्यभाग जळून गेला. त्यानंतर दोन्ही नद्यांची नशिबे कायमची वेगळी झाली. माइन शहराच्या मधूनच वाहत राहिली, तर ओडर सीमा बनली आणि पूर्वेकडचे उपनगर पोलंडला जाऊन त्याचे स्वुबित्से झाले. प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याचा १७५९ मध्ये जिथे दारुण पराभव झाला ते कुनर्सडोर्फ गावही आज पोलंडमध्ये आहे. पश्चिमेकडच्या शहराची पश्चिम जर्मनीची राजधानी होण्याची संधी १९४९ मध्ये बॉनमुळे हुकली, पण त्या देशाची मध्यवर्ती बँक तिथेच राहिली. पूर्व जर्मनीतील शहराला सेमीकंडक्टरचा मोठा कारखाना मिळाला, लोकसंख्या सुमारे सत्त्याऐंशी हजारांवर गेली, आणि १९९० नंतर कारखाना कोसळताच तरुण माणसे पश्चिमेकडे निघून गेली.

ओडरकाठच्या मारिएनकिर्शे या चर्चच्या चौदाव्या शतकातील रंगीत काचा सोव्हिएत सैन्याने युद्धानंतर उचलून नेल्या होत्या. त्यांतल्या १११ चौकटी २००२ मध्ये परत आल्या आणि उरलेल्या सहा २००८ मध्ये. वियाद्रिना विद्यापीठही १९९१ मध्ये नव्याने सुरू झाले. या वेळी पोलिश विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, स्वुबित्सेमध्ये पोलिश विद्यापीठाबरोबर चालवलेल्या एका संयुक्त संस्थेसह. डिसेंबर २००७ मध्ये पोलंड शेंगेन या सीमा-तपासणीमुक्त युरोपीय क्षेत्रात आल्यावर पुलावरची तपासणी बंद झाली. २०२३ मध्ये जर्मनीने आणि २०२५ मध्ये पोलंडने ती पुन्हा सुरू केली, आणि हे दोन्ही निर्णय या शहराने घेतलेले नव्हते.