इंग्रजी आडनावे : मूळ आणि लेखनभेद

इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर आधी जमीनदार घराण्यांत आली आणि साधारण १४०० पर्यंत बहुतेक कुटुंबांत रुजली. ती राहत्या जागेवरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून किंवा टोपणनावावरून पडली. एकाच धंद्याला प्रदेशागणिक वेगळा शब्द असे. लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारा नैर्ऋत्येत टकर, आग्नेयेत फुलर आणि उत्तरेत वॉकर. म्हणून एखादे आडनाव १३७७ ते १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्यांत कुठे दाट आढळते, हे शब्दकोशातल्या अर्थाइतकेच मोलाचे असते.

आडनावाचे स्पेलिंग एकोणिसाव्या शतकातही पुरते स्थिरावले नव्हते. सांगणारा बहुधा निरक्षर, लिहिणारा पाद्री कधी परगावचा. कानावर पडेल तसे नाव वहीत उतरे. ‘अर’चा उच्चार ‘आर’ होई, त्यामुळे क्लर्कचे क्लार्क झाले. ‘ॲटन ॲश’, म्हणजे ॲश झाडापाशी राहणारा, यातला न पुढे सरकून नॅश बनले. शेक्सपियरच्या उपलब्ध सह्यांतही स्पेलिंग एकसारखे नाही. त्यामुळे स्मिथ आणि स्माइथ ही केवळ लिहिण्यावरून वेगळी घराणी मानणे साफ चूक आहे. तसेच एकच आडनाव म्हणून नाते जोडणेही.

शोध नेहमी अलीकडून मागे न्यावा. १ जुलै १८३७ पासूनची सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंद आणि १८४१ पासूनची खानेसुमारी आधी पाहावी, मग १५३८ च्या हुकुमाने सुरू झालेली चर्चची दप्तरे. १५९८ पासून बिशपकडे दरवर्षी नक्कल जाई. मूळ पान फाटले किंवा पुसले असेल तर ती कामी येते. जुन्या लिपीत सुरुवातीचे जोड एफ म्हणजे मोठा एफ, आणि लांब एस हा एफसारखा दिसतो. सूचीत नाव न सापडण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

सारख्या उच्चाराची नावे एकत्र शोधण्यासाठीच्या साउंडेक्स पद्धतीत पहिले अक्षर कायम ठेवून पुढील व्यंजनांना आकडे देतात. तिची उणीव त्या पहिल्याच अक्षरात आहे: नाइट हे नाव के-पासून लिहिले तर के५२३, एन-पासून लिहिले तर एन२३०. अशी नावे दोन्ही अक्षरांखाली शोधावी लागतात.

मुंबई इलाख्यातील इंग्रजांचे बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ मालिकेत आहेत.