तिकीट नाही, सभासद व्हा : सांगलीतल्या वेगळ्या चित्रपटांमागचा कायदा

सांगली-मिरजेत एखाद्या संस्थेने इराणी, जपानी किंवा स्वतंत्रपणे काढलेला माहितीपट दाखवायचं ठरवलं की चौकशी करणारा आधी तिकीट विचारतो. तिकीट नसतं. वर्गणी भरा, सभासद व्हा, मग या, असं त्याला सांगितलं जातं. अनेकांना यात आयोजकांचा तोरा दिसतो. एकच चित्रपट बघायला आलेला माणूस हे आपल्यातच रमणारे लोक आहेत, अशी समजूत करून घेऊन परत जातो. ही समजूत चुकीची आहे, आणि तिने फिल्म सोसायट्यांच्या, म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चित्रपट दाखवणाऱ्या संस्थांच्या, चळवळीचं फार नुकसान केलं आहे. अट आयोजकांची नाही. ती १९५२ च्या चित्रपट कायद्याच्या अंमलातून आली आहे.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला चित्रपट सार्वजनिक ठिकाणी दाखवता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच कायद्याच्या कलम ९ नुसार केंद्र सरकार एखाद्या चित्रपटाला किंवा चित्रपटांच्या एखाद्या वर्गाला यातून सूट देऊ शकतं आणि सूट देताना अटी घालू शकतं. फिल्म सोसायट्या आणि महोत्सव याच सुटीवर उभे राहिले. अटी साधारण अशा : खेळ व्यापारी नसावा, प्रेक्षक सोसायटीचा नोंदणी केलेला सभासद किंवा महोत्सवाचा नोंदणी केलेला प्रतिनिधी असावा, चित्रपटांची यादी आशयासह आधी दिल्लीला जावी. दारावर तिकीट विकलं की सूट संपली. विदेशी चित्रपटांपैकी फार थोडे भारतात प्रदर्शनासाठी विकत घेतले जातात. बाकीच्यांसाठी इथे प्रमाणपत्र काढणारा कुणी नसतो. त्यामुळे ही सूट नसती तर जगातला बहुतेक चित्रपट आपल्यापर्यंत आलाच नसता.

जुना काळ थोडक्यात सांगतो. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला आणि तिथे 'बायसिकल थीव्ज' दाखवला गेला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'दो बिघा जमीन'वर त्याची छाप स्पष्ट आहे. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा देशपातळीवरचा महासंघ झाला. १९६४ मध्ये पुण्यात केंद्र सरकारचं चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि तिथल्या प्रिंट्स सोसायट्यांना मिळू लागल्या. छोट्या गावांसाठी महत्त्वाची ठरली ती १६ एमएमची, म्हणजे थिएटरच्या ३५ एमएमपेक्षा अरुंद फितीची प्रिंट. दोन तासांचा चित्रपट ३५ एमएमवर जवळजवळ अकरा हजार फूट होतो. १६ एमएमवर तो सव्वाचार हजार फुटांच्या आसपास, म्हणजे मोठ्या तीन रिळांत बसतो. हे डबे एसटीत किंवा रेल्वेत एक माणूस सांभाळून आणू शकतो, आणि प्रोजेक्टर कॉलेजच्या सभागृहातही चालतो. रीळ बदलताना दिवे लागायचे, तेवढ्यात चर्चा सुरू व्हायची. दुसरा मार्ग वकिलातींचा. सोव्हिएत रशिया, पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया या देशांच्या प्रिंट्स सहज मिळत, म्हणून त्या पिढीच्या बोलण्यात पूर्व युरोप एवढा येतो.

कात्री न लागलेले चित्रपट बघायला मिळतात म्हणूनही काही लोक सभासद होत, आणि सोसायट्यांची त्यावरून बदनामी झाली. व्हिडिओ आल्यावर हा वर्ग गेला. त्याच्याबरोबर इतरही गेले, ते नुकसान मोठं.

मात्र आज सोसायट्या यादी करताना एवढ्या का बिचकतात, याचं उत्तर या काळात सापडत नाही. ते २००३ आणि २००४ या दोन वर्षांत सापडतं.

मुंबईत १९९० पासून दर दोन वर्षांनी माहितीपट आणि लघुपटांचा सरकारी महोत्सव भरतो. २००२ च्या महोत्सवात अणुचाचण्यांनंतरच्या भारत-पाकिस्तानवरचा 'जंग और अमन' गौरवला गेला. त्याच माहितीपटाला सेन्सॉरने एकवीस कट सुचवले, आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो एकही कट न लावता दाखवायला परवानगी दिली. त्याच वर्षी पुढच्या महोत्सवासाठी नवा नियम आला : भारतीय प्रवेशिकांना सेन्सॉर प्रमाणपत्र बंधनकारक. विदेशी प्रवेशिकांना ते लागणार नव्हतं.

हा भेद नीट पाहायला हवा. परदेशातल्या दिग्दर्शकाने आपल्या सरकारवर टीका करणारा माहितीपट आणला तर तो मुंबईत जसाच्या तसा दिसणार. भारतीय दिग्दर्शकाने आपल्या देशाबद्दल काही म्हटलं तर आधी मंडळापुढे उभं राहायचं. नियमाच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो : कायदा सर्वांना आहे, सूट हा हक्क नाही, सरकारी पैशाने भरणाऱ्या महोत्सवात सरकारने कायदा पाळायला लावला तर बिघडलं कुठे? हा युक्तिवाद मला पटत नाही. सूट द्यायची तर ती महोत्सवाला द्यावी. चित्रपट कोणत्या देशाचा आहे हे बघून देऊ नये. माहितीपट काढणारा बहुतेकदा स्वतःचे किंवा मित्रांकडून जमवलेले पैसे घालतो. त्याचा चित्रपट थिएटरला लागणार नसतो. महोत्सव आणि सोसायट्या हाच त्याचा प्रेक्षक. तिथेच प्रमाणपत्र मागितलं तर त्याला दुसरं दार उरत नाही.

देशभरातले माहितीपटकार एकत्र आले. विरोध एवढा झाला की नियम मागे घ्यावा लागला. मग निवडीची यादी आली आणि तिच्यात गुजरातच्या २००२ च्या हिंसाचारावरचे आणि इतर राजकीय विषयांवरचे अनेक चित्रपट नव्हते. नाकारलेले चित्रपट घेऊन दिग्दर्शकांनी फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारी महोत्सवाच्या जवळच प्रभादेवीत स्वतःचा महोत्सव भरवला. त्यांतला एक, 'फायनल सोल्यूशन', त्याच महिन्यात बर्लिनच्या महोत्सवात होता. पुढे सेन्सॉरने तो नाकारला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये मंजूर केला. मधल्या काळात त्याच्या दिग्दर्शकाने सीडी फुकट वाटल्या. अट एकच होती : घेणाऱ्याने आणखी पाच प्रती काढून वाटायच्या.

सांगलीसारख्या गावाच्या दृष्टीने या सीडीचं महत्त्व फार मोठं आहे. १६ एमएमची प्रिंट संस्थेकडे यायची, तिची नोंद असायची, परतीची तारीख असायची. सीडी माणसाकडून माणसाकडे गेली. कॉलेजचा एलसीडी प्रोजेक्टर, पांढरा पडदा आणि एक संगणक एवढ्यावर खेळ होऊ लागला. इराणचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' याच मार्गाने महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांमध्ये पोहोचला, आणि ज्याने अजून पाहिला नसेल त्याने सुरुवात तिथूनच करावी. बुटांचा एकच जोड दोन भावंडांनी वापरायचा, एवढी त्याची गोष्ट. पण या मोकळेपणाला कायद्याचा आधार नव्हता. अशा खेळांना ना सूट होती ना प्रमाणपत्र. एखाद्या गटाने आक्षेप घेतला की सभागृह देणारी संस्था आधी माघार घ्यायची. संघर्ष दिल्लीत न होता गावातल्या विश्वस्तांच्या टेबलावर होऊ लागला, आणि तिथे बाजू मांडायला वकील नसतो.

मराठीत याच काळात चांगले दिवस आले. 'श्वास'ने 'श्यामची आई'नंतर अर्ध्या शतकाने मराठीला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवून दिलं. २०१४ मध्ये 'कोर्ट'ला व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले. एका लोकशाहिरावरच्या खटल्याचा हा चित्रपट, आणि अण्णा भाऊ साठ्यांचं वाटेगाव आपल्याच जिल्ह्यात. इथल्या प्रत्येक कॉलेजात तो दाखवला जायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तो प्रमाणपत्रासह थिएटरला लागला, त्यामुळे परवानगीचा प्रश्न आला नाही. २०१७ मध्ये प्रश्न आला. त्या जूनमध्ये केरळच्या लघुपट महोत्सवातल्या तीन माहितीपटांना सूट नाकारली गेली. नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या महोत्सवातून परीक्षकांनी निवडलेला मराठी 'न्यूड' आणि मल्याळम 'एस दुर्गा' केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने वगळले, आणि परीक्षक मंडळाच्या अध्यक्षाने राजीनामा दिला. पुढच्या एप्रिलमध्ये 'न्यूड' रीतसर प्रमाणपत्र घेऊन थिएटरला लागला.

ओटीटीमुळे आता घरबसल्या बरंच दिसतं. 'अ सेपरेशन', 'पॅरासाइट' यांच्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. तरी जे ओटीटीवर नाही त्याची वाट अजून कलम ९ मधूनच जाते. डिसेंबर २०२५ मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात १९ चित्रपटांची सूट अडली, आणि त्यांत १९२५ चा 'बॅटलशिप पोटेमकिन' होता. भारतातल्या सोसायट्यांनी पिढ्यान् पिढ्या दाखवलेला मूकपट! बऱ्याच चित्रपटांना नंतर परवानगी मिळाली, पण तिथे राज्य सरकार आयोजकांच्या बाजूने उभं होतं.

सांगलीतल्या आयोजकांच्या मागे तसं कुणी नाही. म्हणून इथली यादी बहुधा आधीच प्रमाणपत्र मिळालेल्या किंवा आधीच्या एखाद्या महोत्सवात सूट मिळालेल्या चित्रपटांची असते, आणि नव्या भारतीय माहितीपटाला तिच्यात क्वचित जागा मिळते. वर्गणीची पावती फाडणारा कार्यकर्ता हे सगळं दारावर समजावून सांगू शकत नाही.