पाण्यापलीकडचं ग्रीन आणि समोरचा वारा

खारघरला डोंगरांच्या मधल्या खोलगटात सिडकोचं गोल्फ कोर्स आहे. अशा जागी पावसाळी वारा टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहून नीट कळत नाही. चिमूटभर गवत उडवून पाहिलं तर फक्त डोक्याच्या उंचीवरची हवा समजते. चेंडू मात्र 20-25 मीटर वर जातो आणि तिथे डोंगराचा आडोसा नसतो. म्हणून झाडांचे शेंडे आणि खाली उतरलेले ढग बघावेत.

समजा पार-3 आहे, म्हणजे तीन फटक्यांत पूर्ण करायचा होल; मध्ये पाणी, पलीकडे ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ), अंतर 150 यार्ड, म्हणजे 137 मीटर. सात नंबरचं आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब) चेंडूला पुढे ढकलतं आणि त्याच वेळी उलटी फिरकी देतं, मिनिटाला साधारण 6,000 ते 7,000 फेरे. या फिरकीमुळे चेंडू हवेला खाली लोटतो आणि हवा त्याला वर उचलते. पृष्ठभागावरचे 300 ते 500 खळगे हवेचा पातळ थर चेंडूला जास्त वेळ चिकटून ठेवतात. त्यामुळे मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो आणि रोध गुळगुळीत चेंडूच्या जवळपास निम्म्यावर येतो. खळगे जेमतेम पाव मिलिमीटर खोल असतात. चिखलाने भरले की चेंडू भरकटतो.

समोरून ताशी 16 किलोमीटर वारा असेल तर हेच 150 यार्ड 165 समजून खेळावेत. तेवढाच वारा पाठीमागून आला तर मात्र सातआठ यार्डच वाचतात. हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो, शिवाय समोरच्या वाऱ्यात उचलही वाढते. चेंडू फुग्यासारखा वर चढतो आणि सरळ खाली येतो, बहुतेक वेळा पाण्यात.

इथे नेमकी उलटी चूक होते: माणूस जोर लावतो. जोराबरोबर फिरकी वाढते, चेंडू आणखी वर चढतो. त्याऐवजी जास्त लांब मारणारं सहा किंवा पाच नंबरचं आयर्न घ्यावं, ग्रिप इंचभर खाली धरावी, चेंडू किंचित मागच्या पायाकडे ठेवावा आणि पाऊण स्विंग करावा.

दमट हवा ‘जड’ असते, म्हणून चेंडू कमी जातो, असं अनेकजण मानतात. खरं तर पाण्याचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका, त्यामुळे दमट हवा किंचित विरळच असते. फरक नगण्य आहे. खरा त्रास ओल्या क्लबचा: फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) आणि चेंडू यांच्यात पाणी आलं की घर्षण घटतं, फिरकी मिळत नाही आणि अंतराचा भरवसा राहत नाही. प्रत्येक फटक्याआधी फेसच्या खाचा कोरड्या पुसाव्यात. पार-3 वर आयर्ननेही चेंडू छोट्या टीवर (त्याच नावाच्या खुंटीवर), जमिनीपासून अर्धा सेंटीमीटर वर ठेवावा. ओलं गवत मध्ये येत नाही.

तरीही चेंडू पाण्यात गेलाच, तर एक फटका दंड. पाण्याची हद्द दाखवणाऱ्या खुंट्या पिवळ्या असतील तर पुन्हा टीवरून खेळा, किंवा चेंडूने शेवटी जिथे हद्द ओलांडली ती जागा आणि होलमधला झेंडा यांच्या रेषेत, पाण्याच्या मागे ड्रॉप करा, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडा. लाल असतील तर त्या जागेपासून दोन क्लब-लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, हाही पर्याय मिळतो. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. पावसाने फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) साचलेल्या डबक्याला मात्र दंड नाही. तिथून मोफत सुटका मिळते.