मेकअपने चेहरा पेटला तर आमसुलाचं पाणी? नको!

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे अंगावर पित्त उठलं की आमसुलं भिजवून ते पाणी चोळायची जुनी रीत आहे. लग्नाच्या दिवशी मेकअपने लाल झालेल्या नवरीच्या चेहऱ्यावरही कुणीतरी हमखास तेच आणतं. तिथे ते घात करतं. आमसूल आंबट, म्हणजे आम्लच. सुजलेल्या कातडीवर ते आणखी झोंबतं. सोलकढी खुशाल प्या, चेहऱ्याला लावू नका. हळद-लिंबूही नको.

आधी मेकअप पूर्ण उतरवा. वर फाउंडेशनचा थर चढवून लाली झाकलीत तर मूळ कारण खालीच राहतं. बिनवासाच्या क्लेन्झरने न घासता धुवा, मग गार पाण्यात पिळलेला सुती पंचा 10 मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. सूज पापण्यांवरच असेल तर संशय खोट्या पापण्यांच्या गोंदावर. प्रौढांना सेटिरिझिन या ॲलर्जीवरच्या औषधाची 10 मिलिग्रॅमची एक गोळी चालते. उतार पडायला तासभर लागतो, झोपही येते. गरोदर असाल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली तर गोळीची वाट न बघता 108 ला फोन करा.

‘आदल्या रात्री हाताला लावून पाहिलं होतं’ हेही पुरत नाही. ॲलर्जीचं पुरळ बरेचदा 1 ते 3 दिवसांनी उठतं, म्हणून हळदीला लावलेलं लग्नात दिसतं. कोपराच्या आतल्या बाजूला रोज 2 वेळा, 7 दिवस लावून बघा.