पट घटला म्हणजे शाळा बिघडली, असं नाही

"सरकारी शाळेचा पट घटतोय, म्हणजे तिथे शिकवतच नाहीत," हे लहान गावांत वर्षानुवर्षं ऐकू येतं. हा निष्कर्ष चुकीचा आहे. आज पहिलीत बसणारं मूल साधारण ६ वर्षांपूर्वी जन्मलेलं असतं. तेव्हा जन्मच कमी झाले असतील, किंवा तरुण कुटुंबं कामासाठी बाहेर पडली असतील, तर उत्तम शाळेतही बाकं रिकामी राहणारच.

निकालाचंही तेच. १० मुलांच्या वर्गात एक नापास झालं की निकाल १० टक्क्यांनी उतरतो. १०० मुलांत तेच एक टक्का. शिवाय गुणांवर घरच्या परिस्थितीचा मोठा प्रभाव असतो, हे अमेरिकेतल्या शाळांच्या मोठ्या सरकारी पाहणीने, म्हणजे १९६६ च्या कोलमन अहवालाने, ठळकपणे मांडलं होतं.

दर्जा बघायचा तर वही उघडा. नुसती लाल फुली आहे, की चूक कुठे झाली तेही बाईंनी लिहिलंय? मुलाला अनोळखी उतारा वाचून अर्थ सांगता येतो का?

अफवेने मात्र खरं नुकसान होतं. पालक मुलं काढतात, आणि शिक्षकांची पदं जिथे पटावर ठरतात तिथे एक पद जातं. मग एकाच शिक्षकाला दोन-दोन वर्ग सांभाळावे लागतात.