तुमची कळ कोणाकोणाला ऐकू जाते?

दादरला राहणारी माझी एक मैत्रीण लिनक्स ही संगणकप्रणाली असलेल्या लॅपटॉपवर अनुवादाचं काम करते. परवा तिच्यासमोर मी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘एक्सइनपुट’ ही छोटी आज्ञा चालवली आणि तिला ब्राउझरमध्ये काहीतरी टाइप करायला सांगितलं. तिनं ‘ए’ दाबला की इकडे त्या कळीचा क्रमांक, ३८, उमटायचा. पुढची कळ, पुढचा आकडा. कुठला पासवर्ड लागला नाही, परवानगीची चौकटही आली नाही. ती गप्पच झाली. बँकेचे सगळे व्यवहार ती याच लॅपटॉपवरून करते.

यात व्हायरस वगैरे काही नव्हता. पडद्यावर खिडक्या दाखवणारी ‘एक्स’ ही व्यवस्था मुळात अशीच आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ती जन्मली, आणि आज वापरात असलेली तिची अकरावी आवृत्ती १९८७ची. गिरगावातल्या चाळीत दिवसभर दारं उघडी असत, तसा तेव्हा एका पडद्यावरच्या प्रोग्रामांचा एकमेकांवर विश्वास असे. स्क्रीन लॉक करणारा प्रोग्रामही एक्सच्या लेखी इतरांसारखाच. एखादा मेनू उघडा राहिला तर कळफलक त्यानं धरून ठेवलेला असतो, आणि लॉक लागतच नाही!

२००८ साली क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी एक्सच्या जागी सुरू केलेल्या ‘वेलँड’नं हे मुळातून बदललं. इथं कळ आधी कंपोझिटरकडे, म्हणजे सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रामकडे, जाते आणि तो ती फक्त समोरच्या खिडकीला देतो. पडद्याचं चित्र हवं असेल तर सहसा वापरणाऱ्याला विचारावं लागतं. अर्थात, तुमच्याच खात्यातून चालणारा वाईट प्रोग्राम तुमच्या फायली तरीही वाचू शकतो. त्यासाठी प्रोग्रामला वेगळ्या कप्प्यात ठेवणाऱ्या फ्लॅटपॅकसारखं वेगळं कुंपण लागतं. आणि एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्राम वेलँडवर ‘एक्सवेलँड’ या पुलावरून चालतात, तिथं ते एकमेकांच्या कळा अजूनही ऐकू शकतात.

मग वेलँड तयार आहे का? लिनक्सच्या अवतारांपैकी फेडोरानं २०१६ मध्येच ते मुख्य केलं. उबुंटूनं २०१७ मध्ये स्वीकारलं, पुढच्याच आवृत्तीत माघार घेतली आणि २०२१ मध्ये पुन्हा आणलं. माझ्या मते हा प्रश्न माणसागणिक विचारायला हवा. मराठीचंच बघा. इनस्क्रिप्ट हा कळींवर थेट देवनागरी अक्षरं बसवणारा कळफलकाचाच आराखडा असल्यामुळे तो दोन्हीकडे बिनबोभाट चालतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहायचं तर मध्ये त्यांचं देवनागरी करणारा आयबससारखा प्रोग्राम लागतो, आणि कंपोझिटर, आयबस व ॲप या तिघांचं जमलं नाही तर जोडाक्षरं अडतात.

याहून अवघड प्रश्न दृष्टिहीनांचा. पडदा वाचून दाखवणाऱ्या ‘ओर्का’ला कुठल्याही खिडकीत दाबलेली कळ ऐकावी लागते. म्हणजे चोराला जे हवं, नेमकं तेच. वेलँडनं चोरासाठी बंद केलेलं दार ओर्कालाही बंद झालं, आणि त्याचे शॉर्टकट वर्षानुवर्षं अडखळत राहिले. लिनक्सवरच्या नोम डेस्कटॉपनं २०२५ मध्ये त्यासाठी वेगळी वाट काढली. इतका उशीर व्हायला नको होता, असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्यासाठी संगणक म्हणजेच वर्तमानपत्र आणि पत्रव्यवहार, त्यांना रांगेत शेवटी उभं केलं गेलं.

मैत्रीण इनस्क्रिप्टवाली, म्हणून तिला मी लॉगिनच्या पडद्यावर वेलँड निवडून दिलं. तिचे बाबा ओर्का वापरतात आणि त्यांच्या संगणकावर नोमची जुनी आवृत्ती आहे. तो सध्या एक्सवरच ठेवलाय. नवी आवृत्ती चढेपर्यंत त्यांचं बँकेचं काम ती आपल्या लॅपटॉपवर करून देणार आहे.