मुशीच्या अंड्यातला बलक कुठे गेला?

मासे अंडी घालतात, हे शाळेतलं वाक्य मुशीपाशी येऊन अडतं. मुंबईच्या बाजारात मिळणारी ही छोटी शार्क, शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, थेट पिलांना जन्म देते. कोळणीला यात नवल नाही. मुशी कापताना नाळेसकट पिलं तिच्या हाताला लागतात. मला मात्र त्या पिलांच्या आधीची अंडपेशी जास्त खुणावते.

सुरमई लाखो बारीक अंडी पाण्यात सोडते. शार्क, पाकट या कूर्चामिनांचं (हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांचं) सहसा उलटं: अंडी मोजकीच, पण मोठी आणि बलकाने गच्च. तो बलक मुख्यतः यकृतातून येतो. अंडाशयातलं इस्ट्रोजेन रक्तातून यकृतापर्यंत पोचलं की यकृत व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवून रक्तात सोडतं. ते अंडपेशीभोवतालच्या पेशींच्या फटींतून आत सरकतं आणि अंडपेशीच्या पटलावरच्या ग्राहक रेणूंना चिकटतं. तिथे पटल आत दुमडतं, त्याची पिशवी सुटते, आत प्रथिनाचे तुकडे पडतात आणि त्यांचे बलककण होतात. अंडपेशी इतकी फुगते की फलनानंतर ती अख्खी विभागूच शकत नाही. बलकावरची एक इवलीशी चकती तेवढी विभागते. अनेक शुक्रपेशी आत शिरल्या तरी बिघडत नाही, एकीचंच केंद्रक कामी येतं.

मुशीने हा बलकाचा डबा बांधणंच जवळपास सोडून दिलं. तिची अंडपेशी जेमतेम 1 मिलिमीटरची, बलक नावापुरता. गर्भ काही मिलिमीटरचा असतानाच वार (आईकडून गर्भाला पोषण पोचवणारा अवयव) तयार होऊ लागते आणि जन्मताना पिलू 12 ते 15 सेंटिमीटर भरतं. ही सगळी वाढ आईच्या जिवावर. (मुशी खाऊन बाळंतिणीचं दूध वाढतं म्हणतात, त्याचा मात्र याच्याशी संबंध नाही. त्याला ठोस पुरावा नाही, आणि शार्कच्या मांसात पारा साठतो.)

सँड टायगर शार्कने तिसरीच वाट धरली. तिचं अंडाशय फलन न झालेली अंडी सोडत राहतं आणि पोटातली पिलं ती खातात, त्याआधी भावंडांनाही.

बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये दूध आणि वार आल्यावर व्हायटेलोजेनिनची जनुकं हळूहळू निकामी झाली. पिलं देणाऱ्या शार्कांमध्ये ती अजून शाबूत सापडतात, काहींत तर गर्भाशयातही चालू असलेली. यकृत ते अंडपेशी हा जुना रस्ता सोडून तेच प्रथिन आता थेट गर्भाला पोचत असावं, असा संशोधकांचा कयास आहे.